एका डोळ्याचं पाणी

सोन्याचं वय एक्केचाळीस होतं आणि घरात त्याला अजून सोन्याच म्हणत, यातच त्याच्या आयुष्याचं सार आलं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण कुणीतरी त्याच्याकडे बघूनच काढली असावी. धंद्यानं तो लेखक. सिनेमे लिहायचा. लिहायचा खरा, पण ते सिनेमे कुणी काढायचं नाही. अकरा पटकथा त्याच्या कपाटात पडून होत्या, आणि ते कपाटसुद्धा त्याचं नव्हतं, थोरल्या बहिणीचं होतं. नऊ वर्षांपूर्वी तो "महिनाभरच गं ताई" म्हणून बॅग घेऊन आला आणि तो महिना काही संपला नाही.

ताईचं काही म्हणणं नव्हतं. ती घरीच शिवणकाम करायची, दिवसभर मशीनवर मान खाली घालून बसायची, आणि मान वर केली की घरात आपलं माणूस दिसलं तर तिला बरंच वाटायचं. भाऊजींचंही काही म्हणणं नव्हतं. म्हणणं असणं हा भाऊजींचा स्वभावच नव्हता.

भाऊजी बिस्किटांच्या कारखान्यात चव घेणारे होते. हे ऐकून लोक हसतात, पण काम जोखमीचं. भट्टीतून निघालेला माल भाऊजींच्या जिभेवरून गेल्याशिवाय डब्यात जायचा नाही. त्यासाठी कारखान्यात एक लांबट खोली होती आणि तिच्यात फळ्यांनी आडोसे केलेले सहा कप्पे. एका कप्प्यात एक माणूस, एक स्टूल, पाण्याचा ग्लास आणि समोर हातभर खिडकी. खिडकीतून बशी आत यायची, बशीवर नुसता आकडा. वर लाल दिवा, म्हणजे बिस्किटाचा रंग कळू नये. आणि नियम असा, की चव घेताना एकाचं तोंड दुसऱ्याला दिसता कामा नये. एकानं तोंड वाकडं केलं की बाकीच्या पाचांनाही माल कडू लागतो, असा मालकांचा अनुभव. भाऊजी त्या कप्प्यात बावीस वर्षं बसले. पहिली अठरा वर्षं त्यांना तो नियम हास्यास्पद वाटला. पुढची चार वर्षं त्याच नियमानं त्यांची अब्रू राखली.

झालं होतं असं. चार वर्षांपूर्वी एका सकाळी दात घासताना भाऊजींच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी सांडलं. आरशात बघतात तर चेहऱ्याची डावी बाजू ओघळलेली. चेहऱ्याची नस गेली होती. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. त्याच आठवड्यात भाऊजींची आई गेली. मुलगा म्हणून ते सगळ्यांत पुढं उभे राहिले, आणि त्यांना कळलं, की आपण रडायला लागलो की अर्धंच तोंड हलतं आणि लांबून बघणाऱ्याला आपण हसतोय असं वाटतं. म्हणून त्यांनी रडू दाबून धरलं. दात आवळून, दोन्ही डोळे कोरडे ठेवून उभे राहिले. नातेवाईक काय, टपलेलेच असतात. "सख्ख्या आईसाठी एक टिपूस काढलं नाही," असं एक मावशी म्हणाली ते भाऊजींनी ऐकलं. दाबलेलं रडू नंतर सोडायला गेले तर ते काही सापडेना.

पाच महिन्यांत चेहरा जागेवर आला. मग एक दिवस जेवताना, दुसऱ्या घासाला, डाव्या डोळ्यातून पाणी आलं. गालावरून खाली, हनुवटीवरून ताटात. भाऊजींनी चमचा खाली ठेवला. त्यांना वाटलं, आली एकदाची. आई आली. आठ दिवस ते प्रत्येक जेवणाला असे एका डोळ्यानं रडले आणि आठ दिवस त्यांचा चेहरा उजळून निघाला होता. नवव्या दिवशी डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेलेली नस पुन्हा वाढते तेव्हा कधीकधी वाट चुकते. तोंडात लाळ सुटावी म्हणून जो निरोप जायचा, तो डोळ्याकडे जातो. घंटीची तार पंख्याला जोडावी तसं. घास तोंडात गेला की डोळा गळणार. धोका काही नाही, गंमतच आहे म्हणायची.

"म्हणजे आईचं काही नाही त्यात?" भाऊजींनी विचारलं.

"काही नाही," डॉक्टर म्हणाले. "ती लाळच समजा."

ही गोष्ट भाऊजींनी ताईला सांगितली आणि एकदा, गॅलरीत उभं असताना, सोन्याला. "त्या आठ दिवसांसारखं जेवण मी पुन्हा जेवलो नाही," असं म्हणाले, आणि पुढं म्हणाले, "बाहेर एवढं एक बोलू नकोस." सोन्यानं गळ्याला हात लावून शपथ घेतली.

तेव्हापासून घरात एक रीत पडली. जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ताईनं भिंतीकडे तोंड करून लावली. भाऊजी तिथं बसायचे, समोर कॅलेंडरचा खिळा आणि ओल आलेला एक चट्टा. ताई उजव्या हाताला बसायची. जेवताना भाऊजींकडे कुणी बघायचं नाही. पाहुणे बंद झाले, लग्नकार्यं बंद झाली. ताई जुन्या मऊ चादरी फाडून त्यांचे रुमाल शिवायची आणि रोज दोन रुमाल भाऊजींच्या डाव्या खिशात ठेवायची. चार वर्षांत ताई आणि सोन्याशिवाय भाऊजींना घास गिळताना कुणी पाहिलं नव्हतं.

आणि सोन्यानं, खाल्ल्या घरचे वासे मोजत बसणाऱ्या त्या प्राण्यानं, त्याची पटकथा केली.

बारावी पटकथा. विनोदी. घास घेतला की रडणारा माणूस. हॉटेलात जेवायला बसतो तर आचारी बाहेर येऊन त्याचे हात धरतो, की माझ्या हाताची इतकी कदर कुणी केली नव्हती. परक्या लग्नात पंगतीला बसतो तर वऱ्हाडी समजतात हा नवरीचा जुना प्रियकर. छळवादी साहेबाच्या निरोप समारंभात केक खातो आणि साहेब गहिवरून त्याला बढती देऊन जातो. लिहिताना सोन्या स्वतःच खोलीत हसायचा आणि बाहेर मशीनवर बसलेली ताई म्हणायची, "बरं झालं बाई, हसतोय तरी."

एका निर्मात्यानं ती फोनवर ऐकली आणि तोही खूप हसला. मग त्यानं दोन अडचणी काढल्या. एक, हे असं खरंच असतं का? लोक म्हणतील लेखकानं लोणकढी मारली. नमुना दाखव. आणि दुसरी, याला शेवट नाही. "हसवलंस बाबा तासभर, पण घरी जाताना माणूस काय घेऊन जाणार? शेवट आण आणि नमुना आण, मग बोलू. नाहीतर माझ्याकडे दुसरी गोष्ट तयार आहे, एका घोरणाऱ्या बाईची."

घोरणाऱ्या बाईनं सोन्याची झोप उडवली. एक्केचाळिसाव्या वर्षी माणसाला दुसरी दारं उघडी नसतात. तीन दिवस तो भाऊजींच्या पाठीकडे बघत जेवला. चौथ्या दिवशी म्हणाला, "भाऊजी, माझं जमतंय बहुतेक. निर्माते म्हणाले, घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन या, ओळख करून घेऊ."

"मला?" भाऊजी म्हणाले. "मी काय बोलणार तिथं?"

"बोलायचं काही नाही. नुसतं बसायचं."

"खाणं-बिणं?"

"छे! चहासुद्धा नाही. मी सांगून ठेवलंय."

भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला. कारखान्यातून डबा आणला, नवा माल, अजून बाजारात न आलेला, स्वतः पास केलेला. "रिकाम्या हातानं कसं जायचं?" म्हणाले. ताईनं दाराशी त्यांची कॉलर नीट केली आणि भावाला म्हणाली, "सांभाळून ने रे त्यांना." सोन्या म्हणाला, "तू पण ना, ताई."

निर्मात्याच्या खोलीत काचेचं टेबल होतं आणि इतका खोल सोफा, की बसलं की गुडघे छातीशी यायचे. भाऊजी तसेच बसले, डबा मांडीवर धरून. खोलीत आणखी एक माणूस होता, एक नावाजलेला विनोदवीर. सिनेमात मुख्य काम तोच करणार होता. पडद्यावर दिसायचा तसाच जाडजूड, चेहरा रबराचा. त्यानं भाऊजींना वाकून नमस्कार केला आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीत, अगदी समोर, बसला. भाऊजींना संकोचच वाटला. इतका मोठा माणूस आणि आपल्याकडे इतका टक लावून बघतोय.

"काका, डब्यात काय?" निर्मात्यानं विचारलं.

"आमच्याकडचीच आहेत. बिस्किटं. मीच पास केलेली."

"वा! मग पहिलं तुम्हीच घ्यायचं."

"नाही, नाही. मला... मी घेत नाही. कामावर होतंच दिवसभर."

विनोदवीरानं डबा उघडून एक बिस्कीट दोन बोटांत धरलं आणि पुढं केलं. भाऊजींनी सोन्याकडे बघितलं. पोहता न येणारा माणूस काठावरच्याकडे बघतो तसं. तेवढ्यात सोन्यानं हसून "चला, उशीर होतोय" म्हटलं असतं, तरी सगळं निभावलं असतं. ते त्यालाही कळत होतं. त्याच्या डोळ्यांपुढं ती घोरणारी बाई आली.

"घ्या ना भाऊजी," सोन्या म्हणाला. "एकच. माझ्यासाठी."

भाऊजी हळूच म्हणाले, "तू सांगितलंयस का यांना?"

सोन्या टेबलाच्या काचेकडे बघत राहिला. भाऊजींना उत्तर मिळालं. त्यांनी बिस्कीट हातात घेतलं, सवयीनं आधी मोडून तुकड्याचा वास घेतला आणि तोंडात टाकलं.

"मोबाईल लाव, लाव," विनोदवीर कुजबुजला आणि त्यानं स्वतःच लावला. "एक... दोन... तीन... चार... आलं! आलं! आई शप्पथ, आलं!"

निर्मात्यानं टाळी वाजवली. डाव्या डोळ्यातलं पाणी गालावरून ओघळत खाली आलं. भाऊजींनी डाव्या खिशात हात घातला तर विनोदवीरानं त्यांचं मनगट धरलं. "पुसू नका काका, प्लीज. एवढं एक शूट होऊ द्या." मग पाण्याचा घोट देऊन बघितला, त्यानं काही झालं नाही. दुसरं बिस्कीट दिलं, साडेतीन सेकंद. निर्मात्यानं खणातून आंबट गोळी काढली, दोन सेकंद. "आंबटाला जोर आहे!" तो ओरडला. विनोदवीर भाऊजींसमोर गुडघ्यांवर बसला आणि स्वतः बिस्कीट चावत त्यांची नक्कल करू लागला. वास घेणं, जबडा एका बाजूनं हलवणं, डावी पापणी मिचकावणं. हुबेहूब. निर्माता पोट धरून हसत होता. आणि सांगायला लाज वाटते, पण नक्कल इतकी चांगली होती की सोन्याही हसला.

"माणूस नाही हो, नळ आहे नळ!" निर्माता डोळे पुसत म्हणाला. खोलीत तिघांचे डोळे ओले होते आणि भाऊजींचा एक.

 भाऊजीही हसायचा प्रयत्न करत होते. मेहुण्याचं काम होतंय, आपल्या एका डोळ्यानं होत असेल तर होऊ दे, असंच काहीतरी ते मनाशी म्हणत असावेत. म्हणणं नसलेल्या माणसाचं हे असं असतं.

"आणि तो डॉक्टरचा सीन!" विनोदवीराला आठवलं. "काका, तुम्ही ऐकाच. हा सीन म्हणजे पिक्चरचा जीव आहे." त्यानं डब्यातली दोन बिस्किटं एकदम तोंडात कोंबली, छातीला हात लावला आणि छताकडे बघून हंबरडा फोडला. "आई! आई गं! आलीस तू! पाच महिन्यांनी आलीस! बघा, बघा, मी आईसाठी रडतोय!" मग झटकन डॉक्टर झाला, चष्मा नसताना नाकावर चष्मा सरकवला. "आई कुठली? ही तर लाळ!"

निर्माता सोफ्यावर आडवा झाला.

भाऊजींच्या तोंडात तेव्हा बिस्कीट नव्हतं, गोळी नव्हती, काही नव्हतं. डावा डोळा थांबला होता. ते विनोदवीराकडे बघत नव्हते, सोन्याकडे बघत होते. आणि मग त्यांचा उजवा डोळा भरला. आईच्या वेळी न भिजलेला. पाणी आलं ते सावकाश आलं, सेकंद मोजण्यासारखं नव्हतं. त्यामागून डावाही पुन्हा वाहायला लागला.

"अरे!" विनोदवीराचा मोबाईल अजून चालू होता. "दोन्ही? लेखक, तू तर एकच म्हणाला होतास. याचं काय?"

 सोन्याला कळलं होतं. सहा हात अंतरावर बसलेला माणूस चार वर्षांनी आईसाठी रडतोय, हे त्या खोलीत फक्त त्यालाच कळलं होतं. उठून भाऊजींना रुमाल द्यावा, दंडाला धरून बाहेर न्यावं, असं त्याच्या मनात आलं. खरंच आलं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं आलं, ते जास्त जोरात.

"हाच शेवट," सोन्या म्हणाला.

"काय?"

"सिनेमाचा शेवट. अख्खा सिनेमा एकच डोळा रडतो. लोक हसतात. शेवटी त्याच्या तोंडात घास नसतो, आणि दुसरा डोळा रडतो."

निर्माता उठून बसला.  मग त्यानं टेबलावर थाप मारली. "रडवलंस रे! घोरणारी बाई गेली उडत. करतोय आपण." विनोदवीरानं सोन्याला मिठी मारली. निर्मात्यानं भाऊजींच्या पाठीवर हात ठेवला आणि मायेनं म्हणाला, "काका, शूटिंगला रोज यायचं हं. शिकवायचं याला."

भाऊजींनी रुमाल काढला. आधी डावा डोळा पुसला. उजव्यापाशी हात जरा अडखळला, तिकडं जायची त्याला सवय नव्हती. "हे कुठं दाखवणार नाही ना?" त्यांनी मोबाईलकडे बोट करून विचारलं.

"छे हो, काका! घरचीच गोष्ट आहे," विनोदवीर म्हणाला.

परतताना रस्त्यात भाऊजी एकच वाक्य बोलले. "माल जरा जास्त भाजला गेलाय. मी पास करायला नको होता."

घरी ताईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "चांगली माणसं आहेत. सोन्याचं काम झालं." आणि शर्ट बदलायला आत गेले. ताईनं आनंदानं भावाच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. सोन्या तोंड धुवायला न्हाणीघरात गेला. टेबलावर त्याचा मोबाईल वाजला. वाजला, पुन्हा वाजला, वाजतच राहिला. काम झाल्याचे निरोप असतील म्हणून ताईनं उचलून बघितलं. वरच लिहिलं होतं, "उजवा डोळा लाखमोलाचा! ग्रुपवर सगळे मेले हसून." खाली नवऱ्याचं तोंड होतं.

सोन्या तोंड पुसत बाहेर आला तेव्हा ती ते दुसऱ्यांदा बघत होती. मोबाईलमधून आवाज येत होता, आई कुठली, ही तर लाळ, आणि खदखदणारी माणसं. त्यात सोन्याचं हसू वेगळं ओळखू येत होतं. लहानपणापासूनचं ओळखीचं.

सोन्याला वाटलं, ती आता ओरडेल. बॅग बाहेर फेकेल. त्यानं त्याची तयारी केली, दोन वाक्यंही मनात जुळवली. ताईनं मोबाईल पालथा ठेवला.

"चार वर्षं मी त्यांच्या उजव्या हाताला बसते," ती म्हणाली. "हा डोळा कधी नाही रे रडला. तेव्हाही नाही."

मग तिनं टेबल मांडलं. तीन ताटं घेतली. भाऊजी आले आणि आपल्या खुर्चीकडे निघाले तर तिनं त्यांना दंडाला धरून दुसऱ्या बाजूला आणलं, खोलीकडे तोंड करून बसवलं.

"अगं, इथं कुठं?" भाऊजी गडबडले.

"बसा. बघायचं ते सगळ्या गावानं बघून झालंय. आता कुणापासून लपवायचं?" तिनं भिंतीकडची खुर्ची ओढली आणि तिच्यापुढं तिसरं ताट ठेवलं. "तू इथं बस."

सोन्या बसला. समोर खिळा आणि ओलीचा चट्टा. पाठीमागं चमच्यांचे आवाज सुरू झाले. भाऊजींचा डोळा आता गळत असणार, आणि ताई त्यांच्याकडे सरळ बघत असणार.  बऱ्याच वेळानं भाऊजींचाच आवाज आला, रोजच्यासारखा.

"जेव रे सोन्या. दुपारपासून काही पोटात नाही तुझ्या."

यावर तरी रडू यायला हवं होतं. सोन्यानं वाट पाहिली. डोळे मिटले, उघडले, पापण्या गच्च आवळल्या. एकातही पाणी आलं नाही. त्यानं पहिला घास तोंडात घातला, भिंतीकडे बघत चावला, आणि तो गिळायच्या आत त्याच्या लक्षात आलं, की हा शेवट दुपारच्यापेक्षा चांगला आहे. सकाळी निर्मात्याला फोन करायला हवा.